बंब, हिरवी पेटी आणि सांगलीचा फोन

आमच्या अध्यक्षाबाईंनी मला फसवलं. त्या मुलीच्या सासऱ्याने नव्हे. सासऱ्याला तर मीच फसवायला गेले होते, आणि तो जवळजवळ फसलाही होता.

हे आधीच सांगते, कारण आमच्या महिला संस्थेच्या वार्षिक अहवालात ही हकिगत ‘सामंजस्याने मिटलेली प्रकरणे’ या मथळ्याखाली छापली आहे. तिथे माझ्याबद्दल चार चांगले शब्दही आहेत. ते मला नकोत.

संस्थेत येण्याआधी मी जुन्या कपड्यांवर भांडी देत असे. डोक्यावर पाटी, काखेत बोचकं, आणि सांगली-मिरजेच्या गल्ल्या. घासाघीस करून घसा असा तयार झाला होता की गल्लीच्या तोंडाशी हाक मारली तर शेवटच्या घरातली बाई जुनी पँट घेऊन बाहेर यायची. पुढे मिरजेच्या बाजारात स्वतःचं भांड्यांचं दुकान टाकलं. कुणी टाकून दिलं नाही, मी टाकलं.

कपडा हातात आला की मी तो उलटा करून बघते. झिजलेला कपडा कोपराला, गुडघ्याला फाटतो. ओढलेला कपडा निराळा. ब्लाउजची बाही खांद्याच्या शिवणीत उसवलेली, हुक जागच्या जागी आणि काजं तुटलेली. एकाच घरातून वर्षात असे तीन ब्लाउज आले, तेव्हा ते घेऊन मी तडक संस्थेच्या कचेरीत गेले आणि टेबलावर आपटले. म्हटलं, “हे बघा, आणि त्या घरी जा.” संस्थेतल्या बायका गेल्या. चार दिवसांनी अध्यक्षाबाई स्वतः माझ्या दुकानाची पायरी चढल्या.

“तुम्हाला जे दिसतं ते आमच्यात कुणालाच दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्यात या.”

अशी मी आत आले. सकाळी दुकान, दुपारनंतर संस्था. नव्वदनंतरची ती वर्षं. कचेरी म्हणजे सांगलीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, आणि आलेल्या बाईला पोटभर मोठ्याने रडता यायचं, कारण खाली कुणाला ऐकू जात नसे. मला ते काम फार आवडलं. रोज कुणाच्या तरी दारात जायचं, रोज कुणाशी तरी भांडायचं, आणि संध्याकाळी कुणीतरी आपल्या पायांनी घराबाहेर पडलेली असायची. भांडायचं कौतुक होतं अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

अध्यक्षाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. खरं बोललं की समोरचा माणूस वळतो, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, समोरचा माणूस वळतो तो त्याचा फायदा दिसला की. तरी आमचं पटायचं.

एका दुपारी ती मुलगी आली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. माहेर मिरजेचं, सासर फलटणच्या अलीकडच्या एका गावात. नवरा साखर कारखान्यावर कारकून, सासरा मिलिटरीतून सुभेदार होऊन परतलेला. पोलीस ठाण्यात तिने अर्ज दिला होता, दवाखान्याचा कागद जोडला होता, गुन्हा अजून नोंदवायचा होता. कचेरीच्या नोंदवहीत तिने सासरचा पत्ता आणि शेजारच्या दूध डेअरीचा फोन नंबर लिहून दिला. हाताबद्दल ती बोललीच नाही.

“मावशी, माझी डी.एड.ची सर्टिफिकेटं तिकडं राहिलीत,” ती म्हणाली. “जिल्हा परिषदेच्या मुलाखतीचं पत्र आलंय. आठ दिवस राहिलेत. मूळ कागद नसले तर आत घेणार नाहीत.”

“नवऱ्याने ठेवून घेतलीत?”

“न्हाई. त्याला ठाऊकच न्हाई. जाळतो म्हणला होता, म्हणून मी हरवली म्हणून सांगितलं. सासऱ्यांची मिलिटरीची हिरवी पेटी हाय, तिच्यात माझ्या साड्या असत्यात. तिच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलंय. त्याच्या खाली घातलीत.”

मी खुर्चीतून उठलेच! असा सौदा आयुष्यात एकदाच येतो. वस्तू समोरच्याच्या घरात, त्याच्याच पेटीत, आणि त्याला तिचा पत्ता नाही. दुसरे कागद काढायचे तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोर्डाच्या खेपा, तोवर मुलाखत होऊन जाणार. ते कागद आणायचे होते, आणि कागद हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता.

बाजारातला पहिला नियम आहे, जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. गिऱ्हाइकाला कळशी हवी असेल तर शहाणं गिऱ्हाईक परातीवर भांडतं. मी अध्यक्षाबाईंना सगळा बेत सांगितला. आपण लग्नातली भांडी मागायला जायचं. भांडण भांड्यांचं करायचं. पेटी भांडी भरायला म्हणून येईल.

त्या म्हणाल्या, “मला हे असं आडून जाणं पटत नाही. पण तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. मी मध्ये पडणार नाही.”

हे त्यांचे शब्द आहेत. गिरणी बंद होती, मी नीट ऐकले आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुपवाडहून ओळखीचा टेम्पो घेतला. चालक, मी आणि मुलगी. विटा, मायणी, दहिवडी, मग घाट उतरून खाली. नवऱ्याची पाळी सकाळची होती, तेवढीच वेळ साधायची होती. मुलगी वाटेत एकदाच बोलली. “मावशी, पेटी हलवली असंल तर?” मी म्हटलं, “मग आपण त्यांचा पाणी तापवायचा बंब उचलून आणू.” तिला हसू आलं. बंबाची कल्पना मला तिथेच सुचली.

दारात टेम्पो उभा केला. मुलीला म्हटलं, तू आतच बस, उतरू नकोस. सुभेदार ओट्यावर. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ.

“लग्नातली भांडी न्यायला आलोय,” मी म्हटलं. “यादी माझ्याकडे आहे.”

“न्या की,” तो म्हणाला. “आमी काय चोर हाय व्हय? मिलिटरीतला माणूस हाय मी. हिशेबाला पक्का.”

सासूने परात, पातेली, डबे, समई असं एकेक आणून ओट्यावर मांडलं. मी प्रत्येक भांडं उचलून वाजवत होते, तळ बघत होते, नाव वाचत होते. आणि मग न्हाणीघराकडे बोट केलं.

“आणि तो बंब?”

“कुठला बंब?”

“तांब्याचा. मुलीच्या मामाने दिलेला.”

बंब त्यांचाच होता, हे मला ठाऊक होतं. मुलीने सांगितलं होतं. सुभेदार जो भडकला! “आवं बाई, डोकं ठिकाणावर हाय का? माझ्या बापाचा बंब हाय त्यो! चला, नाव दावतो!” मला हाताला धरून न्यायचंच काय ते बाकी ठेवलं. बंबावर खरोखर त्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, झिजून पुसट झालेलं. मी वाकून बघितलं, पदराने पुसलं, पुन्हा बघितलं.

“अक्षर नवं दिसतंय.”

“नवं? माझं वय बघा आन् मग बोला!”

“तुमचं वय मी कशाला बघू? मी बंब बघायला आलेय.”

सासूला हसू आवरेना, तिने तोंडाला पदर लावला. शेजारपाजारचे गोळा झाले. आम्ही अर्धा तास बंबावर भांडलो. असं भांडण मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, आणि आतून मी हरखून गेले होते. प्रत्येक वाक्यागणिक तो त्या बंबाकडे एक पाऊल सरकत होता आणि घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंकडे पाठ करत होता. शेवटी मी मटकन ओट्यावर बसले. डोळ्याला पदर लावला.

“राहिलं. ठेवा तुमचा बंब. गरिबाची पोर, तिचं कोण ऐकतंय. आता ही भांडी तरी कशात भरून नेऊ? पोतंसुद्धा आणलं नाही.”

जिंकलेला माणूस उदार होतो. सुभेदाराने मिशीवरून हात फिरवला. “अगं, ती हिरवी पेटी दे त्यास्नी,” तो सासूला म्हणाला. “तिच्या साड्याबी त्यातच हायत. कडी मोडलीया, न्हेऊ दे. माझी आठवण म्हणून ठेवा, बाई.”

पेटी आली. चालकाने झाकण उघडलं, साड्यांवर लहान भांडी रचली, झाकण लावलं. मी चेहरा पडलेलाच ठेवला. तेवढ्यात सासू म्हणाली, “च्या घेऊनच जावा.”

आता माझी चूक सांगते. सौदा झाल्यावर घाई करायची नाही, हा बाजारातला दुसरा नियम. घाई केली की समोरच्याला कळतं आपण काय गमावलं. म्हणून मी बसले. बशीत ओतून सावकाश चहा प्यायले. चालकाला आधी मोठी भांडी चढवायला सांगितलं, पेटी शेवटी.

पलीकडच्या दूध डेअरीतून हाक आली. “अण्णा, सांगलीचा फोन हाय तुमास्नी!”

सुभेदार गेला. मला काही वाटलं नाही. सांगलीला सगळ्यांचेच नातेवाईक असतात. चालकाने पेटी खांद्यावर घेतली, आणि सुभेदार परत आला. तो हसत होता.

“पेटी खाली ठेव, गड्या.”

त्याने स्वतः झाकण उघडलं. भांडी बाहेर, साड्या बाहेर, वर्तमानपत्र बाहेर. आणि तळातलं ते प्लॅस्टिकचं पाकीट हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला.

“लय हुशार हाय तुमी, बाई. पण तुमच्या मोठ्या बाई लय सज्जन. म्हणाल्या, सुभेदारसाहेब, मोकळेपणानं सांगते, भांड्यांचं काई न्हाई, पेटीच्या तळाला पोरीची सर्टिफिकेटं हायत, तेवढी द्या. तुमी सुज्ञ हाय म्हणाल्या.”

माझ्या हातात रिकामी बशी होती. ती मी खाली ठेवली की टाकली, आठवत नाही.

“मग द्या की सुज्ञासारखी.”

“देतो. कागदाला कागद.” त्याला काय हवं होतं, ते सांगायला त्याला क्षणही लागला नाही. पोलिसांतला अर्ज मागे घ्यायचा. मोरीत पाय घसरून पडले, कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं मुलीने लिहून द्यायचं. कार्बन घालून दोन प्रती, एक पोलिसांना, एक त्याच्याकडे. साक्षीदार म्हणून माझी सही.

मी उठले. “नाही लिहून देत. चल गं.”

पण मुलगी टेम्पोतून उतरली होती. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती ओट्यापाशी आली. सासऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“मावशी, मी लिहिते. मला नोकरी पायजे.”

“अगं, हात मोडलाय तुझा!”

“मोडलाय त्यो डावा. लिवायचा उजवा हाय.”

तिने सुरेख अक्षरात लिहिलं. मास्तरीण होणारच होती. खाली मी सही केली. माझी सही वाकडी आली.

मुलाखत झाली, नेमणूक झाली. नेमणुकीचं पत्र घेऊन ती गिरणीचा जिना धावत चढली तेव्हा मी दुकानातल्या नव्या डब्यातले पेढे सगळ्या गिरणीभर वाटले, दळण घेऊन आलेल्या बायकांनासुद्धा. जत भागातल्या एका वस्तीवरच्या शाळेत ती रुजू झाली. त्या आनंदाला मी आजही उणं म्हणणार नाही.

पण त्याआधी, फलटणहून परत आल्या दिवशीच, मी अध्यक्षाबाईंना विचारलं होतं.

“मला खोटं बोलता येत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“खोटं बोला कोण म्हणालं? गप्प बसा एवढंच ठरलं होतं!”

“कागद मिळाले ना? मग?”

आणि अहवालात छापून आलं, सामंजस्याने मिटलं.

दोन वर्षांनी कचेरीत दुसरी एक मुलगी आली. माण तालुक्यातली, अंगाने बारीक. तिचा ब्लाउज मी लांबूनच बघितला. डावी बाही खांद्याच्या शिवणीत उसवलेली, वरून हिरव्या दोऱ्याने टाके घातलेले. मनगट सुजलेलं. मी सासर विचारलं. फलटणच्या अलीकडचं तेच गाव. सासरा कोण विचारलं. सुभेदार. पहिलीशी काडीमोड झाल्यावर त्याने मुलाचं दुसरं लग्न लावलं होतं.

“काय झालं हाताला?”

ती पाठ केल्यासारखं म्हणाली, “मोरीत पाय घसरून पडले.”

“कुणी शिकवलं हे वाक्य?”

ती खाली बघत म्हणाली, “सासऱ्यांनी कागद दावला. म्हणले, आदीचीनं असंच लिवून दिलंय, तूबी दे. सांगलीच्या संस्थेची बाई साक्षीदार हाय त्यावर.” तिने वर बघितलं. “त्या बाई हितंच असत्यात का?”

“मीच ती,” मी म्हटलं.

ती खुर्चीत मागे सरकली. माझ्यापासून. आजवर कितीतरी जणींना मी घराबाहेर काढलं, एकही माझ्यापासून अशी मागे सरकली नव्हती.

त्या दिवशी अध्यक्षाबाई पलीकडच्या खोलीत होत्या. मी त्यांना बोलावलं, मुलीचं मनगट त्यांच्यासमोर धरलं, आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “फार वाईट झालं.” मग चष्मा पुसला आणि बैठकीला निघून गेल्या.

वाईट झालं नाही, अध्यक्षाबाई. केलं गेलं. माझ्या वाट्याचं मी केलं. मी चहा पीत बसले आणि मी सही केली. दुसरीचा अर्ज मी स्वतः घेऊन गेले, गुन्हा नोंदवेपर्यंत पोलीस ठाण्याच्या बाकावरून हलले नाही, आणि तो कागद दबावाखाली घेतला होता असा माझा जबाब त्यात घातला. पहिलीनेही जतहून येऊन तसाच जबाब दिला. सुभेदार आता माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवत नाही.

राहिल्या तुम्ही. तुमच्याच सभेत, सगळ्या सभासदांसमोर मी विचारते आहे. मध्ये पडणार नाही म्हणालात आणि डेअरीवर फोन कुणी केला? तो अहवालातला मथळा कधी पुसणार? आणि दुसऱ्या मुलीचं मनगट कोणत्या मथळ्याखाली छापणार? ‘फार वाईट झालं’ हे उत्तर मी घेत नाही. उभ्या राहा आणि उत्तर द्या.