निरभ्र आकाशाची थंडी

पौषातल्या पहाटे आभाळ निरभ्र असलं, की नाशिकबाहेरच्या द्राक्षबागांतून ओलसर पाचोळ्याचा धूर येतो. ढगांचं पांघरूण नसलं की जमीन आपली सारी ऊब आभाळाला देऊन बसते. घड वाचावेत म्हणून बागाईतदार शेकोट्या लावतात. मला मात्र त्या वासानं अंटार्क्टिका आठवतं, जिथे पेटवायला पाचोळाही नव्हता.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या तळावर हवामान-निरीक्षक होतो. तिथली थंडी आपल्यासारखी चढउतार करत नाही. सूर्य बुडाला की खाली उतरते आणि हिवाळाभर सपाट, निश्चल पसरून राहते. वारा पडलेला, तारे लख्ख, तेव्हा ती सर्वांत क्रूर. हिमवादळ सुटलं की समुद्रावरची हवा आत घुसते, आणि तापमान चक्क वाढतं.

नाना, माझे वडील, तेव्हा घरी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. प्रकृती ढासळल्याचा निरोप शेवटचं जहाज परतण्याआधीच मला मिळाला होता. तरी मी हिवाळ्यासाठी थांबलो. त्याच हिवाळ्यात ते गेले. ‘अडकलो होतो,’ असं मी परतल्यावर सर्वांना सांगितलं. सुनंदानं, माझ्या बायकोनं, काहीच विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात तेच निरभ्र, वारा पडलेलं आकाश होतं.

परवा सकाळी शेजारचे भाऊसाहेब शाल लपेटून आले. ‘‘वहिनी, आम्ही कुडकुडतोय, यांना काय! फ्रिजमध्ये ठेवलं तरी हे घाम पुसतील.’’

ते हसत गेले, आणि सुनंदानं हातातलं भांडं आपटलं.

‘‘तुमचं जहाज निघालंय, असं रोज सांगायचे मी नानांना! रोज दाराकडे बघायचे ते. अहो, सुनेनं किती खोटं बोलायचं?’’

ती बोलत राहिली, वर्षानुवर्षांचं. आणि मला, लाज वाटावी अशी, ऊब जाणवू लागली.

‘‘जहाजात जागा होती,’’ मी म्हणालो. ‘‘नानांची लाळ पुसायची, त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती माझ्यात. एवढंच.’’

‘‘ठाऊक होतं मला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.’’

ध्रुवावर सूर्य परतला तरी थंडी लगेच हटत नाही; कधी कधी तर सर्वांत कठीण दिवस त्यानंतरच येतात. हे मी जाणून आहे. बागांकडचा धूर विरत होता. सुनंदा खाली बसून आपटलेलं भांडं पुसत होती. ती उठून गेली नव्हती.