मामा आणि घारापुरीच्या पायऱ्या

मुंबई बघायला येणाऱ्यांना माझ्या मामाइतका जीव लावणारा आणि त्यांनाच दिवसभर इतकं फाडून खाणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत दुसरा नसेल. मामा खर्डीचा. नोकरी सगळी मुंबईत झाली, त्यामुळे ते शहर आपल्याच ताब्यात आहे अशी त्याची ठाम समजूत. गावात कुणाकडे पाहुणा आला की मामा त्याला मुंबई दाखवायला नेणार आणि पाहुण्याने ती मनासारखी पाहिली नाही की खवळणार. गेटवेकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. "पाठ काय दावतोस त्याला? तोंड कर तिकडं!" असं तो परक्यांनाही सुनावतो. म्युझियमच्या बाकावर एका जावयाला डुलकी लागली, तर मामाने त्याला हलवून उठवलं आणि सगळी दालनं पहिल्यापासून पुन्हा दाखवली. चौपाटीवर तो मामीवर खेकसला, "समुद्र बघाया आलीस का भेळ खाया?" मामीने दोन भेळी घेतल्या आणि दोन्ही एकटीने खाल्ल्या.

एका हिवाळ्यात त्याने माझ्या आईला, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीला, घारापुरीची लेणी दाखवायचं ठरवलं. लाँचमध्ये तिच्यासाठी कठड्याजवळची जागा त्याने भांडून मिळवली. पुढे त्यालाच मळमळू लागलं, तेव्हा "याला बोट हाकता येत नाय!" म्हणून तो खलाशावर डाफरला. बेटावर पायऱ्यांशी पोचलो. आईने वर पाहिलं आणि गुडघे धरून मटकन खाली बसली. तिथे डोलीवाले होतेच. माणसाला खुर्चीत बसवून खांद्यावरून वर नेणारे. त्यांतला एक म्हणाला, "बसा मावशी, अलगद नेतो." आई उठायला लागली आणि मामा उसळला.

"माणसाच्या खांद्यावर? आपल्या बापजाद्यांनी जलमभर लोकांची ओझी वाहिली, इसरलीस का गो ताय?"

डोलीवालाही तापला. "तुमी राग करून आमची चूल पेटते का काका?"

शेवटी आईच म्हणाली, "भांडू नका रे. मी हितंच बसते."

मामाने मला आणि मामीला वर पिटाळलं आणि स्वतः तिच्यापाशी थांबला. आम्ही उतरून आलो, तर तिघंही कट्ट्यावर चहा पीत होती. मामा डोलीवाल्याशी अजून भांडतच होता, पण बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे सरकवून. आई मात्र आमच्याकडे न बघता पायऱ्यांकडे बघत होती.

आता आईला अंथरुणातून उठवत नाही. मामा खर्डीहून आसनगावला आमच्याकडे येतो, तिच्या खाटेशी बसतो. मागच्या खेपेला तिने अचानक विचारलं, "त्या घारापुरीला वर काय होतं रे?"

त्या लेण्यांसाठी मामा किती जणांशी भांडला असेल! मी कान टवकारले. त्याने तिच्या पायांवरची गोधडी नीट केली.

"काय नाय गो ताय," तो म्हणाला. "दगड नुसते."