पाणी मागणारा हवालदार

"तू तिथे पाणी मागितलंसच कशाला?" आमचे हे बाहेरच्या खोलीत ओरडत होते. मी आत भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

"ऊन होतं दादा. घसा सुकला होता," भावजी म्हणाले.

"सुकू द्यायचा! पोरीचं लग्न जमवायला गेलो होतो की तुझ्या ड्युटीवर?"

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पोलिसात हवालदार, आणि लवकर बायको गेलेले. दोघे भाऊ भावजींच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले होते. बोलणी रंगात आली आणि भावजी सहज म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?" तशी मुलाची आजी मटकन खाली बसली. "कोण गेलं ते आधी सांगा हो," म्हणून तिने गळाच काढला. कोणीही गेलं नव्हतं. स्थळ मात्र गेलं.

माझी शाळा चार यत्तांची, पण पोलिसाच्या घरात राहून थोडं कळतं, ते सांगते. भावांनी शेत वाटून घ्यावं तसं शहर ठाण्याठाण्यांत वाटलेलं असतं. ज्याची त्याची हद्द. कोणी चोरांच्या मागे, कोणी चौकात शिट्टी घेऊन, कोणी कोठडीच्या दाराशी. आगीच्या बंबाचं ऑफिस वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. सगळ्याला माणूस नेमलेला. पण कोणी रस्त्यात गेला, तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं कोणी? त्या कामाला नेमका माणूस नव्हता. तेव्हाच सगळ्यांना चहाची तल्लफ यायची. भावजी पहिल्या वेळी नाही म्हणाले नाहीत, आणि ऑफिसात एकदा नाही म्हणायचं राहिलं की ते काम जन्माला चिकटतं.

त्यांची एक रीत होती. दारात टोपी काढायची आणि पाणी मागायचं. कोणीतरी आत वळलं की घरात म्हातारं कोण, लहान कोण, ते बघून घ्यायचं. पाणी आलं की स्वतः प्यायचं नाही. आणणाऱ्यालाच खाली बसवायचं, पेला त्याच्या हातात द्यायचा आणि मग सरळ सांगायचं. "जरा लागलंय" असं खोटं कधी नाही. घरचं कोणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

चांगलं काम, पण लोक त्यांना बघून खिडक्या लावून घ्यायचे. मुलगी शाळेतून रडत यायची, "मला पाणीवाल्याची म्हणतात."

त्या भांडणानंतर भावजींनी बदली मागून घेतली. शहराने तेव्हाच पोलीस, बंब, अँब्युलन्स, सगळं एका छपराखाली आणलं होतं. एकच खातं, एकच नंबर. भावजी तिथे कानाला यंत्र लावून लोकांचे फोन घेत बसू लागले. "मुलीचे वडील ऑफिसात असतात," असं आम्ही आता ऐटीत सांगायचो. लग्न जमलं, झालंही.

मग एका शिवणकामवाल्या बाईचं ते झालं. तिचा मुलगा पुलाखाली गाडीखाली सापडून गेला. पूल एका ठाण्याच्या हद्दीत, घर दुसऱ्याच्या. पुलाकडच्यांना वाटलं, घर त्यांचं, ते सांगतील. घराकडच्यांना वाटलं, अपघात त्यांचा, त्यांनी सांगितलं असेल. नव्या ऑफिसला वाटलं, दोघांपैकी कोणीतरी गेलंच असेल. बाई ताट झाकून ठेवायची, पुन्हा गरम करायची. शेवटी मुलाच्या कामावरचा एक जण दारात येऊन म्हणाला, "मयताला कधी नेणार आहात?"

बाई ऑफिसात आली. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. भावजींना बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांकडे जात होतात. माझ्याकडे का नाही आलात?"

भावजींनी मला हे सांगितलं ते भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. भिंतीवर नव्या खात्याचा तक्ता होता, चौकटी चौकटींचा. साहेब म्हणाले, "हवालदार, तुम्हीच सांगा, यात तुम्हाला कुठे बसवू? अशी जागाच नाही."

"बसवू नका साहेब. फक्त जाऊ द्या."

साहेबांनी अडवलं नाही. भावजी पुन्हा दारोदार जाऊ लागले आणि मुलीच्या सासरी ते कळलंच. "तुझे वडील आमच्या दारात नकोत," असं सासूने तिला तोंडावर सांगितलं.

पोर माझ्याकडे आली, भावजी होतेच, तिने बापाचा हात धरला. "बाबा, सोडा ना हे. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी एकदा सोडलं होतं, बाळा," भावजी म्हणाले.

तेव्हापासून बापलेकीची भेट आमच्या घरी. नातूही त्यांनी पहिल्यांदा माझ्याच मांडीवर बघितला. वर्दी उतरवून, साबणाने दोनदा हात धुऊन यायचे आणि मग त्याला घ्यायचे. मी म्हणायचे, "भावजी, पोराला रंग लागणार नाही तुमचा." हसायचे नुसते.

मग जावयाची लांबच्या शहरी बदली झाली. जायच्या दिवशी, गाडीआधी पोर भेटायला येणार होती. भावजींचं काळीज तेव्हा कुरकुरायला लागलं होतं, डॉक्टरांनी जिने बंद केले होते. ते सकाळपासून माझ्याकडेच येऊन बसलेले. तेवढ्यात फोन आला. एक गवंडी परांचीवरून पडून गेला होता, घर पार वरच्या मजल्यावर.

"भावजी, दुसऱ्याला पाठवायला सांगा. पोर निघालीय घरून."

"वहिनी, दुसरं आहे कोण? तिला बसवून ठेवा. येतोच."

पोर बसली, गाडीची वेळ होईपर्यंत बसली. दाराकडे बघत बाळाला थोपटत राहिली आणि मग गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी झोपेतच गेले. मुलीला कळवायचं माझ्यावर आलं, आणि मला ते फोनवरच करावं लागलं.

गवंड्याची बायको पुढे मला मुद्दाम येऊन भेटली, तिने त्या दुपारचं सांगितलं. दार उघडलं तर हवालदार भिंतीला टेकून धापा टाकत होते. टोपी काढली, पाणी मागितलं. तिने आणलं, तर तिलाच बसवून पेला तिच्या हातात दिला आणि सांगितलं. मग उठून शेगडीवरचं दूध उतरवलं, गॅस बंद केला. तिचा भाऊ यायचा होता, तोही लांबून. हवालदार दाराशी स्टुलावर बसून राहिले. मध्येच घड्याळाकडे बघायचे, तसं तिने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय का?"

"नाही बाई," ते म्हणाले. "भाऊ येईपर्यंत मी आहे."

दिवे लागले तेव्हा भाऊ आला. हवालदारांनी त्याला बाजूला घेतलं, हॉस्पिटलच्या कुठल्या दाराने जायचं, कोणाला विचारायचं, ते नीट समजावलं. "आधी हिला दोन घास खायला घाला," म्हणाले. मग टोपी घातली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली उतरले.