ओलं माप

मोजलेलं तेवढंच खरं, या तत्त्वावर आयुष्य उभं केलेला एकच माणूस मी पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. फक्त कधी मोजलं, हे त्यांना आधी विचारावं लागतं. भाऊजी हमरापूरच्या गणपतीवाल्यांच्या घरातले. फूटभर मूर्ती हवी तर ओली तेरा इंचांची करायची, कारण माती वाळताना आक्रसते, हे ते बाराखडीआधी शिकले. पुढे पेणच्या एका लॅबमध्ये लागले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवणं हे काम. गाठीही त्यात मुरल्यावर आक्रसतात, हे पाहून त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून खिशात स्टीलची पट्टी. सुरमईची तुकडी तळण्याआधी मोजतील, तळल्यावर मोजतील. माझ्या साखरपुड्यात सगळे जोडा शोभतो म्हणत होते, हे म्हणाले, "वाळल्यावर बघू."

मग ताईच्याच छातीत गाठ निघाली. रोह्याला ऑपरेशन झालं. आपल्याकडे सर्जन काढलेली गाठ ट्रेमध्ये घेऊन बाहेर येतात, आणि नातेवाईक मान फिरवतात. भाऊजींनी पट्टी काढली. बावीस मिलिमीटर. दोन सह्या आणि गोल शिक्का असलेल्या रिपोर्टात मात्र ती एकोणीस झाली. सर्जनच्या लेखी रेघ विसावर होती: आत असेल तर गोळ्यांवर भागेल, बाहेर असेल तर केमो. घरात पेढे आले. भाऊजी हातातला पेढा तसाच धरून म्हणाले, "गो, ओली बावीस व्हती."

"तुमी माझे नवरे हाव का शिंपी?" ताई म्हणाली. "माझे केस ऱ्हातायत, तर बघवत नाय तुमाला."

मीही त्यांना अंगणात गाठलं. तीन मिलिमीटर गिळता येत नाहीत का, विचारलं.

"मूर्तीत गिळतो," ते म्हणाले. "ही तुझी भैन हाय."

दुसऱ्या दिवशी ते ओलं माप सांगायला रोह्याला गेले. ट्रे सर्जननेच धरलेला, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. केमो लागली. ताई सबंध केमोभर त्यांच्याशी बोलली नाही. उलटी आली की घमेलं मात्र त्यांनीच धरायचं. शेवटच्या खेपेला रोह्याहून रेल्वेने परतताना, कासू स्टेशन गेल्यावर, तिला त्यांच्या खांद्यावर झोप लागली. उतरायचं पेण आलं तरी भाऊजी हलले नाहीत. पनवेलहून दोघं एसटीने परत आली.

ताई पुढल्या वर्षी गेली. आजार यकृतात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, तिच्या बाबतीत एकोणीस काय आणि बावीस काय, सारखंच होतं.