एकशे वीसची नाडी

सिस्टर भेटल्या की आधी मनगट धरायच्या, मग विचारायच्या, "कशी आहेस गो?" पालिकेच्या इस्पितळातून निवृत्त झाल्या, तरी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणी आजारी पडलं की पहिली हाक त्यांनाच. तुम्ही भेटला असतात तर तुमचीही नाडी मोजल्याशिवाय त्यांनी सोडलं नसतं.

मी लालबागच्या एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनवर होते. त्यांच्या धाकट्या भावाचं पित्ताशय तिथंच दुर्बिणीनं काढलं. सकाळी ऑपरेशन झालं आणि दुपारी सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या.

"नाडी एकशे वीस. पोट फुगतंय, अंग गार पडलंय. आत रक्त जातंय. डॉक्टरला बोलाव."

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीसाठी गॅस भरतो ना, तो आहे. बाईंना शांत बसायला सांग."

मी तसं सांगितलं. डॉक्टर संध्याकाळी आले, पोट उघडलं. भाऊ टेबलावरच गेला.

चौकशीत डॉक्टर म्हणाले, मला फोनच आला नाही. मीही मान डोलावली. नोकरी होती.

मग सिस्टर रोज ओपीडीच्या बाकावर येऊन बसू लागल्या. ऑपरेशनला आलेल्या प्रत्येकाला विचारायच्या, "नंतर डॉक्टर कुठे असणार, विचारलंत?" माणसं उठून जायची. डॉक्टरांनी पोलीस बोलावले. "मी फक्त विचारते," सिस्टर म्हणाल्या. हवालदार स्वतःच्या हर्नियाबद्दल त्यांचा सल्ला घेऊन गेला.

"ह्याला बुडवल्याशिवाय मी मरूची नाय," त्या मला ऐकू येईल असं पुटपुटायच्या.

एकदा सकाळीच दुर्बिणीनं ऑपरेशन झालेली एक बाई पांढरीफटक पडली. तिच्या नवऱ्यानं घाबरून बाकावरच्या सिस्टरना आत नेलं. त्यांनी मनगट धरलं आणि अशा ओरडल्या की डॉक्टर धावत आले. बाईला लगेच थिएटरात घेतलं. वाचली.

डॉक्टरांनी बाहेर येऊन हात जोडले. "सिस्टर, तुमच्यामुळे."

"तिच्यासाठी केलं. तुका सोडूक नाय मेल्या." मग माझ्याकडे वळल्या. "तू आता तरी लिहून देतेस?"

मी फोनचं सगळं लिहून दिलं. माझी नोकरी गेली, डॉक्टरांचा परवाना गेला.

सिस्टर खोली बंद करून गावी भावजयीकडे राहायला निघाल्या, त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले. डॉक्टर बुडाला म्हणून. मी दार उघडून उभी होते. त्यांनी माझ्या अलीकडच्या खोलीत पेढा दिला, मग पलीकडच्या.