एका मडक्यातलं औषध

पालघर स्टेशनाबाहेर डॉक्टर हरिश्चंद्र चुरींचा दवाखाना होता. डॉक्टर मूळचे जवळच्याच माकुणसार गावचे. मुंबईत शिकून ते माघारी आले, तेव्हा सासऱ्यांनी कपाळावर हात मारला होता. आयुष्यात त्यांना हाव सुटली ती एकाच गोष्टीची, मायक्रोस्कोपची. खोकणाऱ्याची थुंकी तपासायची तर डबी मुंबईला धाडायची, आणि उत्तर येईस्तोवर रोगी कधी बरा झालेला, कधी गेलेला.

त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमारास ही हाव एका औषध कंपनीला कशी कळली, देव जाणे. कंपनीचे दामले जीपमधून आले आणि मायक्रोस्कोप टेबलावर ठेवून म्हणाले, "वापरायला लागा. रिपोर्ट आला की तुमचाच." रिपोर्ट हवा होता रक्त वाढवणाऱ्या नव्या औषधाचा. डोंगराकडच्या एका पाड्यावर अर्ध्या घरांना लाल बुचाच्या बाटल्या द्यायच्या, त्यात औषध. अर्ध्यांना पांढऱ्या बुचाच्या, त्यात नुसतं गोड पाणी. पाड्यावर यातलं काही बोलायचं नाही. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपकडे पाहत ही अटही गिळली.

डॉक्टर पाड्यावर बाटल्या देऊन आले. पावसाळा सरल्यावर पाड्यावरची माणसं तपासणीला दवाखान्यात आली. लाल बुचवाला जिवल्या म्हणाला, "बरा हाय." पांढऱ्या बुचवाली बुधी म्हणाली, "लई बरा हाय." तोंडं मात्र सगळ्यांची तशीच फिकट. डॉक्टर चक्रावले आणि जिवल्याच्या मागोमाग पाड्यावर चढले.

बुधीच्या नातवाच्या गळ्यात बुचांची माळ होती, एक लाल, एक पांढरं.

"म्हातारे, लाल बाटली तुझ्याकडे कशी?"

"माजी कुठली, सगल्यांची. याला लाल, त्याला पांढरी, असा दुजाभाव आमच्यात नाय. एका मडक्यात ओतली, आमच्या घरच्या हिरव्या देवापुढं ठेवली, मंग वाटली. कोंबडीला बी पाजली."

"मग बरं वाटतं म्हणालीस ते?"

"तू येवढ्या लांबून आनून दिलास. तोंडावर वाईट कसा सांगू?"

डॉक्टर हसतच पाडा उतरले. दवाखान्यात टेबलासमोर बसले तेव्हा हसू आटलं. दामल्यांनीही वस्तू लांबूनच आणून दिली होती.

दामले आले. मडक्याची हकीगत ऐकून ते जराही बिथरले नाहीत. "मडकं वगळा. सर्व रोग्यांनी बरं वाटल्याचं सांगितलं, एवढंच लिहा. यात खोटं काय आहे?"

"एक अक्षरही नाही."

"मग?"

"म्हणूनच सही करवत नाही. खोटं असतं तर कोणीतरी पकडलं असतं."

"दुसरे डॉक्टर करतील."

"करतील. त्यांचं अक्षरही माझ्याहून बरं असेल."

मायक्रोस्कोप पुन्हा जीपमध्ये चढला. पुढे ते औषध बाजारात आलं, खपलंही जोरात. त्याच्या जाहिरातीत कुठल्याशा डॉक्टरांची सही होती. अक्षर खरंच वळणदार होतं.

त्या हिवाळ्यात बुधी खोकत दवाखान्यात आली. टेबलावरची मोकळी जागा तिच्या नजरेला खुपली.

"तुजा ता यंतर कुठं गेला?"

"परत नेलं."

"मोडलेला?"

"नाही. चांगलं होतं."

म्हातारीनं डबीत थुंकी दिली. डॉक्टरांचं उतरलेलं तोंड पाहून म्हणाली, "औषध मातर बरा होता हां तुजा."

"खरं सांग."

"नाय," बुधी म्हणाली. "पन कोंबडी अंड्यांवर बसली."

डॉक्टरांनी डबीवर तिचं नाव घातलं आणि ती मुंबईच्या गाडीसाठी बाजूला ठेवली.