फ्राऊ ब्रांटच्या घशासाठी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाहीतर चहा संपवा आणि उठा.

मी जर्मनीत फार्मसी शिकत होते आणि मला ड्युसेलडॉर्फच्या एका हॉस्पिटलच्या औषधविभागात सहा महिन्यांचं प्रॅक्टिकुम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, हवं होतं. ते मिळालं नाही तर डिग्री लटकणार आणि मी नाशिकला आईपुढे तोंड लपवत फिरणार. तिथल्या मुख्य फार्मासिस्ट फ्राऊ ब्रांट एका संमेलनाला येणार होत्या. ही खबर माझ्या सीनियरने, केतकीताईने आणली.

"गेल्या गेल्या जागा मागायची नाही," ताईने बजावलं. "आधी त्यांचं ऐकायचं. आणि निघताना तुझी आठवण राहील असं काहीतरी हातात ठेवायचं."

तिला म्हणायचं होतं व्हिजिटिंग कार्ड. आता मला सांगा, आपल्याकडे आठवण राहावी म्हणून कुणी कार्ड देतं का?

फ्राऊ ब्रांट कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या आणि सारख्या खोकत होत्या. बोलता बोलता मी प्रॅक्टिकुम शोधतेय हे त्यांनीच काढून घेतलं आणि मला त्यांचं कार्ड दिलं. माझ्या अंगात मात्र आई संचारली. तिने पाठवलेली सुंठ, ज्येष्ठमध आणि हळदीची पूड मी सकाळीच पर्समध्ये टाकली होती. मी ती पिशवी पुढे केली.

"कोमट पाण्यातून घ्या. घसा मोकळा होईल."

त्यांनी पिशवी उजेडात धरली. "यावर नाव नाही."

"नाही."

"बनवणारे कोण?"

"आई."

"मात्रा?"

"चिमूटभर."

"किती दिवस?"

"बरं वाटेपर्यंत."

"आणि एक्सपायरी?"

"संपेपर्यंत."

आजूबाजूचे फार्मासिस्ट वळून बघायला लागले. फ्राऊ ब्रांट शांतपणे "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाल्या आणि पिशवी पर्समध्ये ठेवली. घेतली म्हणजे आवडलीच, अशी माझी समजूत. मी तरंगतच घरी आले.

खुशीत गरम भात वाढून घेतला. वर तूप, वर मेतकूट. पहिला घास घेतला आणि माझा घसा असा मोकळा झाला की विचारू नका.

सुंठ! आईने पाठवलेल्या पिशव्या दोन, दोन्ही पिवळ्या, दोन्ही बिननावाच्या. म्हणजे तिकडे फ्राऊ ब्रांट कोमट पाण्यातून मेतकूट पीत असणार.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मेतकुटात गहू, मोहरी, डाळी. बाईंना यातलं काही चालत नसलं तर? मी घाबरले, खरंच घाबरले. कार्डावरच्या पत्त्यावर ईमेल टाकलं: "पूड घेऊ नका. चुकीची दिली. आत हे हे आहे. घेतली असेल आणि त्रास झाला तर लगेच डॉक्टरांना दाखवा." जागा गेली असं धरून चाललेच होते.

सकाळी उत्तर आलं. "बिननावाची वस्तू मी तोंडात घालत नाही. पण सदोष औषध परत मागवायचं पत्र असंच लिहायचं असतं. चूक काय, आत काय, पुढे काय करायचं. सोमवारपासून प्रॅक्टिकुमला या."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला लेबलांच्या टेबलावर बसवलं. समोर माझीच पिशवी. मी मुकाट्याने लिहिलं: मेतकूट. भातावर घ्यावे. घशासाठी उपयोग नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, यापुढे पिशव्यांवर नावं लिहून पाठव गं."

"नावं कशाला?" आई म्हणाली. "एवढी फार्मसी शिकलीस, आणि वासावरून मेतकूट ओळखता येत नाही?"